संत्रें, मोसंबी आणि घरांतील सुरी

संत्रें सोलणें हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असें पुष्कळ श्रोत्यांस वाटेल. ज्याला हात आहेत त्याला संत्रें सोलतां येतें. त्यांत शिकवावयाचें तें काय? परंतु एखाद्या गृहिणीनें घरांतील लहानसहान जखमांची वही वर्षभर ठेविली, तर कापलेल्या बोटांच्या नोंदी तींत वारंवार आढळतील. आणि त्यांतील पुष्कळशा नोंदी कठीण कामाच्या वेळच्या नसून अगदीं सोप्या कामाच्या वेळच्या असतील. लाल भोपळा फोडतांना मनुष्य सावध असतो. मोसंबी कापतांना तो शेजारच्याशीं बोलत असतो.

या विषयाला दुसरीहि एक बाजू आहे. घरांत फळ येतें तें बहुधा आजाऱ्यासाठीं, लहान मुलासाठीं किंवा वृद्धासाठीं. आणि नेमकें याच तिघांस तें स्वतः सोलतां येत नाहीं. सांधे आखडलेल्या आजीच्या आंगठ्यांत मोसंबीची साल उचलण्याचें बळ राहिलेलें नसतें. घरांतील मंडळी आपापल्या कामाला गेलेली असतात. सोलून द्या म्हणून कोणाच्या मागें लागणें तिला आवडत नाहीं. “मला हल्लीं आंबट सोसत नाहीं,” एवढेंच ती म्हणते, आणि तिच्यासाठीं मुद्दाम आणलेलें फळ टोपलींत सुकून जातें. तेव्हां सोलतांना हात कसा सांभाळावा हा एक प्रश्न. आणि ज्याच्या हातांत बळ नाहीं त्यालाहि फळ कसें उघडतां यावें, हा दुसरा. या दोहोंचा विचार एकत्रच करणें बरें.

कोणत्याहि कामांत हत्यार उचलण्यापूर्वीं वस्तूची ओळख करून घ्यावी. लिंबू-संत्र्याच्या कुळांतील फळाला दुहेरी आवरण असतें. बाहेरचा रंगीत थर पातळ असून त्यांत तेलाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. साल वांकविली कीं त्या फुटतात व तेलाचा बारीक फवारा उडतो. या तेलाचा मुख्य घटक लिमोनिन हा होय. तो ज्वालाग्राही आहे. मेणबत्तीजवळ साल पिळली तर ठिणग्या उडतात, आणि फुगविलेल्या रबरी फुग्यावर पिळली तर फुगा फुटतो. हे दोन्ही खेळ पुष्कळ मुलांस ठाऊक असतात. जें तेल रबराला विरघळवितें तें डोळ्यांत गेल्यास काय होईल, हें मात्र त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

रंगीत थराच्या खालीं पांढरा व मऊ असा दुसरा थर असतो. त्यांत पेक्टिन नांवाचा पदार्थ विपुल असतो. सालीसकट केलेलें मार्मलेड घट्ट होतें तें त्याच्याच योगानें. हा थर चवीला किंचित् कडवट असला तरी निरुपद्रवी आहे. फोडींवर राहिलेला एकेक धागा नखानें खरवडून काढण्याचा कित्येक घरांतील आग्रह त्यामुळें अनावश्यक ठरतो. सोलण्याची सारी युक्ति याच पांढऱ्या थरांत आहे. सुरीनें रंगीत थर भेदून पांढऱ्या थरापर्यंत जावें आणि तेथेंच थांबावें. पुढचें काम बोटांनीं किंवा एखाद्या बोथट वस्तूनें करावें. सुरी गरापर्यंत गेली कीं रस सांडतो, रसानें फळ निसटतें, आणि फळ निसटलें कीं पातें बोटावर येतें. घरगुती अपघाताची सांखळी बहुधा एवढीच असते.

सालीच्या मानानें या फळांचे तीन वर्ग करतां येतात. पहिला वर्ग सैल सालीचा. नागपुरी संत्रें हें त्याचें उत्तम उदाहरण. भौगोलिक ओळखीचें सरकारी प्रमाणपत्र त्याला २०१४ सालीं मिळालें. त्याचा आंबिया बहार हिंवाळ्याच्या आरंभीं बाजारांत येतो व मृगबहार साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्यें. या फळाची साल गरापासून मुळांतच सुटी असते. देंठाजवळच्या उंचवट्यांत आंगठ्याचें टोंक रोंवलें कीं ती उचलून येते. त्याला सुरी लावण्याचें कांहींच कारण नाहीं. किन्नू मात्र दिसावयास संत्र्यासारखें असलें तरी त्याची साल अधिक चिकटलेली असते, एवढा भेद ध्यानांत ठेवावा.

दुसरा वर्ग घट्ट सालीचा. आपल्याकडे जालना व त्याच्या आसपासच्या भागांत होणारी मोसंबी या वर्गांत येते. परदेशांतून येणारीं तांबूस माल्टासारखीं फळेंहि याच वर्गांतलीं. तिसरा वर्ग जाड सालीचा. कोंकणांतील पपनस त्यांत मोडतें. गोव्यांत चतुर्थीच्या माटोळींत तें आवर्जून बांधतात. त्याचा पांढरा थर बोटभर जाड असूं शकतो. कागदी लिंबाची साल पातळ व घट्ट असते, पण तें कोणी सोलीत नाहीं. त्याच्या फोडीच करतात. तरीहि त्याचा एक धोका निराळाच आहे. त्याचा उल्लेख पुढें येईल.

आतां पूर्वतयारी. साल खावयाची नाहीं तर फळ धुवावयाचें कशाला, अशी शंका पुष्कळ जण घेतात. सालीवरील धूळ व जंतु सुरीच्या पात्याबरोबर आंत जातात आणि बोटांबरोबर फोडींवर येतात, हें तिचें उत्तर. म्हणून फळ वाहत्या पाण्याखालीं हातानें चोळून धुवावें. साबण लावूं नये. धुतल्यावर तें कोरडें पुसावें, व हातहि पुसावे. ओलें फळ आणि ओली मूठ हीं दोन्ही निसरडीं. शीतकपाटांतून काढलेल्या फळाची साल ताठ असते, ती तुकड्यातुकड्यांनीं तुटते. तें थोडा वेळ बाहेर ठेवावें किंवा कोमट पाण्यांत कांहीं मिनिटें बुडवावें. त्यानंतर टेबलावर तळहाताखालीं हलक्या दाबानें चार-सहा वेळां फिरवावें. इतक्यानें साल मऊ होऊन सुटावयास लागते आणि निम्मे श्रम वांचतात.

मोसंबी सोलण्याच्या दोन सुरक्षित रीति आहेत. पहिली रीत रेघांची. फळ हातांत न धरतां लांकडी पाटावर ठेवावें. पाटाखालीं ओलें फडकें पसरावें, म्हणजे पाट सरकत नाहीं. देंठाकडील व बुडाकडील सालीच्या पातळ चकत्या प्रथम काढाव्या. फळाला दोन्हीकडे सपाट बैठक मिळाली कीं तें लोळत नाहीं. मग वरून खालीं, केवळ सालीच्या जाडीइतक्या खोल अशा पांच-सहा रेघा सुरीच्या टोंकानें ओढाव्या. नंतर सुरी बाजूला ठेवून द्यावी. चहाच्या चमच्याचा दांडा एका रेघेंत घालून हळूच उचलला, कीं सालीची पाकळी गरापासून सुटते. या रीतींत धारेचें काम थोडें आणि बोथट वस्तूचें काम पुष्कळ, हेंच तिचें वैशिष्ट्य होय.

दुसरी रीत आजाऱ्यासाठीं वरचे पापुद्रे काढून केवळ गर द्यावयाचा असेल तेव्हांची. फळ वरीलप्रमाणेंच दोन्हीकडे सपाट करून पाटावर उभें करावें, आणि फळाच्या गोलाईला धरून सुरी वरून खालीं आणीत साल व पांढरा थर एकदमच काढावा. सुरीची दिशा नेहमीं पाटाकडे असावी, हाताकडे किंवा पोटाकडे नव्हे. फळ धरणाऱ्या हाताचीं बोटें आंत दुमडलेलीं असावीं, म्हणजे पात्यापुढें बोटांचीं टोंकें न येतां पेरांची पाठ येते. पपनसाला वरची टोपी कापून सात-आठ खोल रेघा द्याव्या, आणि मग प्रत्येक जाड पाकळी दोन्ही हातांनीं बाहेरच्या बाजूला ओढावी. हें फळ हवेंत अधांतरीं धरून त्यावर सुरी चालविणें हें सर्वांत वाईट.

हत्यारांचा विचार करतांना प्रथम विळी आठवते. मराठी घराला ती नवी नाहीं. तिचें पातें स्थिर असतें आणि पदार्थ दोन्ही हातांनीं धरतां येतो, हा तिचा मोठा गुण. पण त्याच गुणांत तिचा दोष आहे. कारण येथें सुरी फळाकडे जात नाहीं, तर फळाबरोबर हातच पात्याकडे जातो. मोसंबी गोल व गुळगुळीत असल्यामुळें विळीवर ती एकाएकीं फिरते. म्हणून विळीवर मोसंबी सोलूं नये. फोडी करावयाच्या असल्या तर पाटावर पाय नीट दाबून बसावें व फळ सावकाश पुढें न्यावें. ज्या विळीच्या टोंकाला खवणी असते ती अधिकच जपून वापरावी, कारण तिच्यावरून हात पलीकडे नेतांना मनगटाला दांते लागतात. काम संपतांच विळीचें पातें मिटावें आणि ती भिंतीकडे तोंड करून ठेवावी. “एवढा फोन घेऊन येतें” म्हणून उघडी टाकलेली विळी आणि घरांतलें रांगतें मूल, यांची गांठ पडावयास एक मिनिट पुरतें. लोखंडी पात्याला आंबट रस लागला तर तें काळें पडतें व गंजतें. याकरितां तें लगेच धुवून कोरडें करावें.

सुरी लहान असावी. तिचें पातें तीन-चार इंचांपेक्षां लांब नसावें, आणि तिला धार असावी. बोथट सुरी निर्धोक, ही समजूत घरोघर आढळते. ती चुकीची आहे. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, ती सालीवरून घसरते, आणि घसरली कीं मागचा सगळा जोर बोटावर येतो. धार लावलेली सुरी आपल्या वजनानें साल कापते. मात्र ती सुरी भांड्यांच्या ढिगांत टाकूं नये. मोरींत साबणाच्या पाण्याखालीं दडलेलें पातें भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताला लागतें, आणि ज्यानें तें तेथें टाकलें त्याला त्याचा पत्ताहि नसतो.

सुरीखेरीजचीं साधनें आतां स्वस्त व पुष्कळ झालीं आहेत. एका टोंकाला लहानशी आंकडी असलेली प्लास्टिकची काडी मिळते. आंकडीनें सालीवर रेघ ओढावयाची आणि दुसऱ्या चपट्या टोंकानें साल उचलावयाची, एवढेंच तिचें काम. बोटांत आंगठीसारखें घालावयाचें साधनहि मिळतें. आंकडी जेमतेम सालीच्या जाडीइतकीच खोल जात असल्यामुळें मुलाच्या किंवा वृद्धाच्या हातीं ती निर्धास्तपणें देतां येते.

बटाटे सोलण्याची सोलणी मोसंबीची सबंध साल काढावयास उपयोगी नाहीं. ती रंगीत थराची पातळ पट्टीच काढते. पण तिचा इतिहास या विषयाशीं जुळतो. स्वित्झर्लंडांत १९४७ सालीं आल्फ्रेड नेवेत्झर्झाल यानें हलत्या आडव्या पात्याची, हलकी व अत्यंत साधी अशी सोलणी काढली; तिचा आकार आजहि जवळजवळ तसाच आहे. पुढें अमेरिकेंत सॅम फार्बर नांवाच्या गृहस्थाच्या पत्नीला संधिवातामुळें धातूच्या बारीक दांड्याची सोलणी धरवेना. तेव्हां जाड, मऊ, रबरासारख्या मुठीचीं उपकरणें त्यानें तयार करविलीं, आणि १९९० सालीं तीं बाजारांत आलीं. दुखऱ्या हातासाठीं केलेली मूठ सगळ्यांच्याच हाताला बरी वाटली. ज्या घरांत अशी मूठ नसेल, त्या घरीं चमच्याच्या किंवा सुरीच्या दांड्याभोंवतीं जुन्या कापडाची घट्ट पट्टी गुंडाळून तेंच काम साधतां येतें.

केक किंवा बर्फीकरितां सालीचा कीस हवा असेल तर बारीक दांत्यांची किसणी वापरतात. तींतील एक प्रसिद्ध प्रकार मुळांत सुताराच्या कामाचा. कॅनडांतील ओटावा येथें १९९४ सालीं लॉरेन ली नांवाच्या गृहिणीनें जुन्या किसणीला कंटाळून नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानांतली कानस घेतली आणि तिच्यावर संत्रें घांसलें. तेव्हांपासून ती कानस स्वयंपाकघरांत आली. किसतांना दांड्याकडून हात हलवावा, फळावर जोर देऊं नये, आणि पांढरा थर दिसूं लागतांच फळ फिरवावें. शेवटचा तुकडा किसण्याचा लोभ धरला कीं सालीबरोबर बोटाचें पेरहि किसलें जातें. बाजारांतील कित्येक फळांवर मेणाचा हात दिलेला असतो. ज्याची साल खावयाची तें फळ कोमट पाण्यांत चोळून धुणें हें म्हणून अधिकच अगत्याचें.

आतां लिंबाचा तो निराळा धोका. लोणच्याच्या दिवसांत गच्चीवर उन्हांत बसून लिंबें चिरण्याची वहिवाट पुष्कळ घरीं आहे. लिंबाच्या सालींत व रसांत फ्युरानोकुमारिन वर्गाचीं द्रव्यें असतात. तीं कातडीवर राहिलीं आणि त्यावर ऊन पडलें, तर कातडी भाजल्यासारखी होते. गंमत अशी कीं त्या वेळीं कांहींच जाणवत नाहीं. एक-दोन दिवसांनीं हातावर लाली येते, फोड उठतात, आणि ते गेल्यावरहि काळसर डाग कित्येक आठवडे राहतात. लिंबाचा आणि त्या फोडांचा संबंध कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं; कोणी म्हणतें तेल उडालें असेल, कोणी म्हणतें किडा चावला असेल. उपाय अगदीं सोपा आहे. लिंबें सावलींत चिरावीं, आणि उन्हांत जाण्यापूर्वीं हात कोपरापर्यंत साबणानें धुवावे. फोड मोठे असले तर डॉक्टरांस दाखवावे व त्यांस लिंबाची गोष्ट आठवणीनें सांगावी.

इतकें करूनहि बोट कापलेंच, तर काय करावें? जखम स्वच्छ वाहत्या पाण्याखालीं धरावी. मग स्वच्छ कापडानें ती घट्ट दाबून हात छातीच्या वर धरावा, आणि दहा मिनिटें कापड उचलून पाहूं नये. थांबलें का, थांबलें का, म्हणून जो दर अर्ध्या मिनिटाला पाहतो, त्याचें रक्त थांबत नाहीं. हळद, कॉफीची पूड किंवा चुना जखमेंत भरूं नये. रक्त थांबतें तें दाबानें, आणि भरलेली पूड पुढें डॉक्टरांना धुवून काढावी लागते. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल, बोट वांकत नसेल किंवा त्याचें टोंक बधिर झालें असेल, तर घरीं न थांबतां डॉक्टरांकडे जावें. धनुर्वाताची लस केव्हां टोंचली होती, हेंहि त्यांस सांगावें. डोळ्यांत सालीचें तेल उडालें तर डोळा चोळूं नये. पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावा, आणि तरीहि दुखत असल्यास दाखवावा.

सोलून झाल्यावरचीहि जबाबदारी थोडी आहे. लहान मुलास सबंध फोड कधीं देऊं नये. बी काढावी, जाड पापुद्रा उलगडावा, तुकडे लहान करावे, आणि मूल बसलेलें असतांनाच द्यावे. गिळावयास त्रास होणाऱ्या वृद्धासहि हाच नियम लागू आहे. ग्रेपफ्रूट हें फळ कोलेस्टेरॉलच्या कांहीं व रक्तदाबाच्या कांहीं औषधांचें रक्तांतील प्रमाण वाढवितें, आणि त्याचें जवळचें नातलग असलेलें पपनसहि त्या बाबतींत संशयास्पद मानतात. रोज औषध घेणाऱ्यांनीं तीं खाण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. जमिनीवर पडलेली साल तत्काळ उचलावी. सुकविलेल्या सालीची पूड उटण्यांत घालतात. सालींचा सदुपयोग एवढा सोपा असतां त्या वाटेंत पडूं देण्याचें कारण नाहीं.

मुलांस हें काम केव्हां शिकवावें, असा प्रश्न आई-बाप करतात. पांच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातीं नागपुरी संत्रें द्यावें आणि देंठाजवळची जागा दाखवून बाजूला व्हावें. साल फाटेल, रस गळेल, सदरा डागाळेल. तें होऊं द्यावें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं आंकडीची काडी, आणि मग कोणी मोठें माणूस शेजारीं बसलें असतांना पाटावर सुरी, असा क्रम ठेवावा. ज्याला घरांत सुरी धरावयास कधींच दिली नाहीं, तो मुलगा परगांवीं वसतिगृहांत गेल्यावर ती प्रथम धरतो, आणि तेथें त्याला सांगणारें कोणी नसतें.

शेवटीं, आरंभीं सांगितलेल्या त्या आजीकडे वळूं या. १७४७ सालीं जेम्स लिंड नांवाच्या इंग्रज आरमारांतील वैद्यानें खलाशांचा रक्तपितीचा रोग संत्र्या-लिंबांनीं बरा होतो, हें जहाजावर प्रयोग करून दाखविलें. तेव्हांपासून या फळांचें मोल जगाला ठाऊक आहे. पण न सोललेल्या फळांतून तें कोणाच्याहि पोटीं जात नाहीं. पूर्ण सोलून झांकून ठेवलेल्या फोडी दुपारपर्यंत कोरड्या पडतात, आणि दुसऱ्यानें सोललेलें खाण्यांत कांहीं वृद्धांस संकोचहि वाटतो. याकरितां सकाळीं कामाला निघतांना एक मोसंबी धुवून, पुसून, तिच्या दोन चकत्या काढाव्या, सालीवर सहा रेघा ओढाव्या, आणि एक पाकळी अर्धवट उचलून ठेवावी. बशींत शेजारीं चमचा ठेवावा. या कामास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. गर झांकलेलाच राहतो, त्याच दिवशीं खाल्लें तर फळ ताजेंच लागतें, आणि दुपारीं आजी तें आपल्या हातानें, आपल्याला वाटेल तेव्हां, कोणाला हांक न मारतां उघडते.